भिंगरीची सरळ रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या घरी राहायला आले. एक बॅग, लॅपटॉप आणि कामाची पेटी. मुक्काम महिनाभर. का आले ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःलाच विचारावं लागणार नाही.

ताई बस चालवते. पाण्याच्या टाकीपासून जुन्या धक्क्यापर्यंत, सारं शहर आडवं कापत. गेल्या आठवड्यात एका थांब्यावर दार उघडं, माणसं चढताहेत, आणि ही स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या जागी झोपली. बस उभीच होती, कुणाला काही झालं नाही. मागच्या एका आजोबांनी दांड्यावर काठी आपटली तेव्हा जागी झाली. तक्रार कुणीच केली नव्हती. हिनेच संध्याकाळी डेपोत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी तिला गाडीवरून उतरवलं आणि पासच्या खिडकीत बसवलं. महिनाअखेरीला डेपोचे डॉक्टर तपासणार. झोप नीट होत असेल तर गाडी परत, नाहीतर खिडकीच.

ताईची झोप होत नाही कारण भिंगरीची होत नाही. भिंगरी म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची. तिला तान्ही असल्यापासून इसब आहे. कोपरांच्या आतली बाजू, गुडघ्यांच्या मागची घडी, मनगटं, मान. दिवसा खेळण्याच्या नादात निभतं. अंथरुणात ऊब लागली की खाज उठते, आणि मग ती उशीशी पाय आणि पायथ्याशी डोकं होईपर्यंत गोल फिरते. म्हणून भिंगरी. खरं नाव फक्त शाळेत चालतं. भावजी जहाजावर इंजिनखोलीत असतात, जूनच्या आधी येणार नाहीत.

तर रात्री मी सांभाळायच्या आणि ताईने झोपायचं. कल्पना माझी.

"तुला जमेल?" ताई म्हणाली. "तुझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला तरी तू बाजूला सरकतेस."

"खांद्याचा काय संबंध? खाज तिला आहे."

"बघ बाई मोजपट्टे."

मोजपट्टी हे तिने मला शाळेत असताना ठेवलेलं नाव. मी हरकत घेत नाही. मोजपट्टी उपयोगी असते. पंपांसारख्या यंत्रांची थरथर मोजून त्यांत काय बिघडलंय ते सांगणं हे माझं कामच आहे.

एप्रिलपासून माझी बदली धरणावरच्या वीजघरात आहे, दोन वर्षांसाठी. मीच मागून घेतली. यंत्रं भरपूर, माणसं कमी. तोवर महिनाभर इथे काढायला हरकत नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन रात्री झाल्या. ताई इतकी वर्षं हे करत आली आणि तरी बस चालवत राहिली, याचं आता आश्चर्य वाटतं.

आज अंघोळीनंतर मलम मी लावलं. आधीच सांगून टाकलं, "माझे हात थंड असतात."

"किती थंड?" भिंगरीने विचारलं.

"खूप."

हे मी सगळ्यांना आधी सांगते. शाळेत रांगेत माझा हात कुणी धरायचं नाही. ऑफिसात थट्टा होते. एका माणसाने तर हात मिळवला आणि लगेच सोडून रुमालाला पुसला होता. तो विषय इथे नको.

भिंगरीने मान वाकडी केली. "इथे ठेव."

मी मानेवर हात ठेवला. तिथली कातडी सुकलेल्या रंगासारखी खरखरीत आणि तापलेली. तिने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. थोड्या वेळाने माझा हात गरम झाला, तसा मी काढला.

"आता दुसरा," ती म्हणाली.

"आता मलम लावायचं आहे."

लावलं.

९ फेब्रुवारी, रविवार

उपाय सापडला. निदान मोजायचा तरी.

अंदाजाने काम करणं मला जमत नाही. ती किती झोपते, किती खाजवते, कधी वाढतं, कधी कमी होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. ताईला विचारलं तर म्हणते, "रात्रभर." हे काही माप नाही. म्हणून ऑफिसातून चाचणीसाठी वापरतो तो छोटा सेन्सर विचारून आणला. शर्टाच्या बटणाएवढा. सुती पट्टीत शिवून भिंगरीच्या उजव्या मनगटावर बसवला. हात हलला की लॅपटॉपवर रेघ उसळते.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पडदा तिच्यासमोर धरला. मुलांना कारण समजावून सांगितलं की ती सहकार्य करतात.

"ही मी?"

"ही तुझ्या हाताची थरथर."

"एवढे डोंगर?"

"डोंगर म्हणजे खाजवलं."

"आणि हे सपाट?"

"तिथे झोपली होतीस."

ती पावाचा तुकडा हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळी रेघ सरळ आली की आई बस चालवणार?"

"आईची झोप पुरी झाली की."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो," मी म्हटलं. तर्काने ते बरोबरच होतं.

ताई अंडी सोलत होती. "पोरीचा पंप केलास गं," म्हणाली, आणि हसली. मीही हसले. पंपाची मी चांगलीच काळजी घेते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पांघरूण पातळ केलं. खोलीतला हीटर मंद ठेवला. नखं कापून कानशीने गुळगुळीत केली. अंघोळीचं पाणी कोमट आणि अंघोळ आटोपशीर. डोंगर थोडे उतरले, पण थोडेच.

आता खोलीत बसून राहायची गरज नाही. खाजवू लागली की लॅपटॉप टुकटुक वाजतो, मग मी बाहेरच्या टेबलावरून उठून जाते. तोवर माझी कामंही होतात.

तिला शाळेत सोडायला गेले. शाळेच्या कुंपणासमोरून ताईची बस जाते. भिंगरी रोज कुंपणाला लटकून हात करायची आणि ताई दिवे दोनदा लुकलुकवायची, असं त्यांचं ठरलेलं. आज बस आली. चालवत होते ते एक टक्कल पडलेले गृहस्थ. भिंगरीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

"ते काका वाईट चालवतात का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण ते आई नाहीत."

बरोबर आहे.

तिला सगळे थांबे पाठ आहेत. पाण्याची टाकी, बेकरी, मोठा दवाखाना, शाळा, छापखाना, पूल, भाजीबाजार, जुना धक्का. चालता चालता पुटपुटत असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सरळ रेघ!

पूर्ण रात्र. मध्ये एकदा बारीक टेकाड, बाकी सपाट मैदान. लॅपटॉप वाजलाच नाही. मी बाहेरच्या सोफ्यावर चक्क झोपले. सकाळी पडदा दाखवला तर भिंगरी तोंडभर हसली नाही, नुसती मान हलवून म्हणाली, "आली ना?" एखाद्या जबाबदार माणसासारखी.

ताई उठली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती. आरशात बघून म्हणाली, "अगं, हा माझा चेहरा आहे, मी विसरलेच होते."

पातळ पांघरुणाचा परिणाम असावा. की हीटरचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तेव्हापासून रोज सरळ. ताई गुणगुणत भांडी घासते. तिने डेपोतल्या साहेबांना सांगून टाकलं की सुधारणा आहे.

ऑफिसात चिडचिड झाली. आमच्याकडे एक नवी मुलगी लागली आहे, हुशार आहे पण घाई फार. तिने एका पंपाचा अहवाल आणला आणि शेरा मारला होता, "थरथर शून्य, प्रकृती उत्तम." मी तिला समोर बसवलं. "शून्य बघून खूश झालीस? चालत्या यंत्राला थरथर असतेच. शून्य आलं म्हणजे एकतर पंप बंद होता, नाहीतर कुणीतरी तो दाबून धरला होता. इतकी स्वच्छ रेघ आली की आधी संशय घ्यायचा. जा, स्वतः बघून ये."

ती गेली. पंप बंदच होता. बिचारी खजील झाली. मी जरा जास्तच बोलले बहुतेक, पण या चुका सुरुवातीलाच मोडायला हव्यात.

भिंगरी दूध अर्धंच पिते. चपला उलट्या घालते. डोळ्यांखाली सावली दिसते, पण तो खिडकीतला उजेड असेल. ताई म्हणाली, "ही इतकी शहाणी कधी झाली? अंथरुणात फिरतसुद्धा नाही. भिंगरीचा खांब झालाय." मी तिला रेघा दाखवल्या. ती म्हणाली, "हो गं, तुझ्या रेघा. बरं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून फोन आला. ताई खिडकीवर होती म्हणून मी गेले.

चित्रकलेच्या तासाला भिंगरी झोपली. डुलकी नव्हे. ओल्या चित्रावर गाल टेकून अशी झोपली की हलवूनही उठेना. बाईंनी तिला कोपऱ्यातल्या गादीवर उचलून नेलं, तर झोपेतच तिने कोपर खाजवून रक्त काढलं. मी पोचले तेव्हा ती गादीवर बसली होती, एक गाल निळा, कोपराला बँडेज.

"ही रात्री झोपते का?" बाईंनी विचारलं.

"हो. माझ्याकडे नोंद आहे."

"नोंद?" बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं. पण मुलगी माझ्याकडे आहे, आणि ती झोपलेली नाही."

घरी येताना भिंगरी एकच वाक्य बोलली. "शाळेत पट्टी नव्हती ना हातात?" नव्हती, म्हटलं. तिला हायसं वाटलेलं दिसलं. का, ते कळलं नाही.

सेन्सर तपासला. फ्रिजवर ठेवला, फ्रिजची घरघर स्पष्ट आली. टेबलावर टिचकी मारली, टिचकी आली. सेन्सर ठीक आहे. मग मुलगी रात्रभर झोपूनही दिवसा का झोपते? रक्त तपासून घ्यावं का?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

दुपारी ताई सामान आणायला गेली होती. मी टेबलापाशी रेघा पुन्हा बघत बसले होते. आतल्या खोलीत भिंगरी तिच्या कापडी सशाशी खेळत होती. दार अर्धं उघडं होतं.

"हात पाठीखाली घे," ती सशाला सांगत होती. "दोन्ही. आता त्यावर झोप. असं. पण झोपायचं नाही हं! झोपलास की हात आपोआप बाहेर येतात. तुला कळतपण नाही. मग डोंगर होतात."

ससा काहीतरी बोलला असावा, कारण ती म्हणाली, "मला माहितीये खाजतंय. रडलास तरी चालेल, पण हलून नाही रडायचं. थांबे म्हण. टाकी, बेकरी, दवाखाना, शाळा… धक्का आला की उलटे म्हण. सकाळ होते. मौशी खूश होते. आई गाडीवर जाते."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. ससा उताणा पडला होता, त्याचे दोन्ही हात पाठीखाली दुमडलेले, पांघरूण गळ्यापर्यंत नीट घातलेलं. भिंगरीने वर पाहिलं.

"मी झोपत नव्हते," ती घाईने म्हणाली. "ससाच झोपत होता."

मी आत गेले. खाली जमिनीवर बसले. तिच्या मनगटावर पट्टी होती, दुपारीही. तिने कधी बांधून घेतली होती कोण जाणे. मी ती सोडवू लागले, तसा तिने हात मागे ओढला.

"नको! रेघ वाकडी येईल. आई खिडकीतच राहील."

"रेघ चुकीची होती," मी म्हटलं.

"सरळ होती."

"सरळ होती, पण चुकीची. ती मी चुकीची वाचली."

भिंगरीने हे पडताळून पाहिलं. "मोजपट्टी चुकते?"

"चुकते."

"मोठी चूक?"

"खूप मोठी."

तिने हात पुढे केला. पट्टी सोडली. खाली कातडी लाल होती. तिने लगेच, अधाशासारखं खाजवलं, आणि खाजवता खाजवता माझ्याकडे बघत राहिली, मी काही म्हणते का ते बघायला. मी तिच्या मानेवर हात ठेवला. दुसरा मनगटावर. ती तशीच, बसल्या बसल्या, माझ्या गुडघ्यावर कलंडली आणि झोपली. झोपेत हात वळवळले. नाकातून शिट्टी वाजली. पाय झटकला, कूस बदलली, सशाला लाथ बसली. जिवंत पोर झोपलं की किती हलतं. मला हे माहीत नव्हतं, आणि मी पंपांबद्दल लोकांना शिकवते.

ताई आली तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर होतो. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. ती पिशव्या हातात धरून उभीच राहिली.

"सहा वर्षांच्या पोरीला तू नोकरी लावलीस," ती म्हणाली. "माझी नोकरी टिकवायची नोकरी."

मी सशाचे हात त्याच्या पाठीखालून सोडवले.

"रात्र रात्र… हातांवर पडून… आणि तू बाहेर रेघ बघत होतीस!"

"हो."

"निदान 'नाही' तरी म्हण गं, म्हणजे मला भांडता येईल."

ताईने पिशव्या खाली ठेवल्या, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"आणि मी झोपले," ती म्हणाली. "डोकं टेकलं की मेले. मला वाटलं, सुटलो. माझी पोर अंथरुणात फिरत नाही, आणि मला वाटलं बरं झालं."

भिंगरी झोपेत खाजवू लागली. आम्ही दोघींनी एकदम हात पुढे केले. ताईचा हात माझ्या हाताला लागला.

"बाप रे, बर्फ आहे नुसता," ती म्हणाली, आणि आपला मागे घेतला. "तूच ठेव."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे तिघी गेलो. डॉक्टर वयस्कर बाई आहेत, खोलीभर मोठ्याने बोलतात. मी सेन्सरचं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंगरीलाच विचारलं, "काय गं पोलीसबाई, हातांना रात्रभर कोठडीत ठेवलं होतंस?"

भिंगरीने मान हलवली.

"हात झोपेत खाजवतात त्यात हातांचा गुन्हा नाही. तुझाही नाही. खाज काही धाक दाखवून जात नाही. आधी कातडी बरी करायची, मग हात आपोआप झोपतात. काय?"

मग त्यांनी मलमाची नळी मागितली आणि उजेडात धरली. "ही कधी दिली होती मी? अजून भरलेली? दागिना आहे का जपून ठेवायला?"

ताई खाली बघत होती. "त्यात ते… जोरदार औषध असतं ना. मला भीती वाटते. थोडंथोडंच लावते."

हे मला ठाऊक नव्हतं. मी तीन आठवडे तेच थोडंथोडं लावत होते, कारण ताईने दाखवलं तेवढंच मी लावलं. बाकी सगळं मोजलं, तेवढं सोडून.

डॉक्टरांनी भीतीची थट्टा केली नाही. बोटाच्या पेरावर नळी पिळून दाखवली, एवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला, आणि किती दिवस, आणि मग कमी कसं करायचं. साधं मऊ ठेवणारं मलम मात्र भरपूर, कंजुषी न करता. शिवाय काही रात्री ओलं कापड: मलमावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेली सुती बाही, तिच्यावर कोरडी बाही. कातडी थंड राहते, नखं पोचत नाहीत.

निघताना भिंगरी म्हणाली, "मौशीचे हातपण थंड असतात."

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. सोडला नाही. "अरे वा. हे औषधाच्या दुकानात मिळत नाही. औषधाच्या जागी नव्हे, औषधासोबत. लावा कामाला."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डेपोच्या डॉक्टरांसमोर ताईची तपासणी. मी बाहेरच्या बाकावर. आत जाण्यापूर्वी मी तिला सांगितलं होतं, "तुझी झोप तर खरोखर झाली आहे. एवढंच सांग. खोटं काहीच नाही त्यात."

ती आत गेली आणि सगळं सांगून आली. सशाचंही.

"काय म्हणाले?"

"अजून महिनाभर खिडकी. मग बघू म्हणाले."

"ताई! कशाला सांगायचं होतं?"

"त्या झोपेची किंमत पोरीने दिली होती," ती म्हणाली. "ती मी दाखवून गाडी घेऊ? आणि मागे पन्नास माणसं असतात गं. काठीवाले आजोबा रोज कुठे मिळायला?" मग कोपराने मला ढोसलं. "चल, तोंड पाडू नकोस. खिडकीतसुद्धा मजा असते. आज एकाने पासावर कुत्र्याचा फोटो लावून आणला होता."

भिंगरीला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी रेघ…" ताईने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुझी रेघबिघ काही नाही. गाडी माझी, झोप माझी, ते मी बघीन. तुझं काम खेळणं आणि माझं डोकं खाणं."

"आणि मौशीचं?"

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "ती मोठी झाली की ठरवेल."

१० मार्च, सोमवार

मुक्काम मार्चअखेरपर्यंत वाढवला आहे. ओल्या बाह्या चढवायला आधी गोंधळ, मग सवय. भिंगरी त्यांना माशाची कातडी म्हणते आणि अंथरुणात पोहते. सशालाही एक जोडी शिवावी लागली. माझी शिवण सरळ आली, पण मापात गडबड झाली. सशाचे हात बाह्यांतून बाहेर येत नाहीत. भिंगरी म्हणते चालेल, त्याला थंडी वाजते.

कोपरांच्या आतली कातडी बरीच मऊ झाली आहे. मान अजून हट्टी. रात्री ती एक-दोनदा उठते. एका रात्री ताई, एका रात्री मी, खोलीतच, लॅपटॉपशिवाय. माझ्या पाळीला मी गार पाण्याचा वाडगा जवळ ठेवते. एक हात मानेवर, एक वाडग्यात. हे काही शास्त्रीय नाही.

सेन्सर ऑफिसात परत दिला. नव्या मुलीची माफी मागितली. तिला कळलं नाही कशाबद्दल.

१९ मार्च, बुधवार

वाईट रात्र. कारण काहीच नाही, सापडलंही नाही. भिंगरी रडली, मग मी थांबे म्हणायला लागले तर ओरडली, "थांबे नको!" बरोबर आहे. थांब्यांवर तिने फार रात्री काढल्या आहेत. मग मी वीजघरातल्या यंत्राचे भाग म्हणाले. पाती, आस, बेअरिंग, पाया. तिला ते अतिशय कंटाळवाणे वाटले आणि ती झोपली.

२८ मार्च, शुक्रवार

गाडी मिळाली.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "मुलगी आता पूर्ण झोपते का?" ताई म्हणाली, "नाही. पण आम्ही वाटून घेतो, आणि वाईट रात्र झाली तर मी आधीच फोन करून गाडी नको म्हणेन." साहेबांनी तिला दुपारची पाळी दिली, म्हणजे सकाळची झोप तिच्या हातात राहील.

फक्त "आम्ही वाटून घेतो" हे वाक्य एप्रिलपासून बरोबर राहणार नाही. याची मी ताईला आठवण करून दिली. ती म्हणाली, "मला माहितीये. तुझ्या भावजींची चुलतबहीण येते म्हणालीय. तू जा निवांत." तिने माझी बॅगही झटकून ठेवली आहे.

भावजींच्या चुलतबहिणीचे हात मी पाहिलेले नाहीत.

३१ मार्च, सोमवार

ताईचा गाडीवरचा पहिला दिवस.

दुपारी भिंगरी कुंपणाला टेकून उभी होती, मी मागे. बस आली. ताईने दिवे लुकलुकवले, दोनदा, मग नियम मोडून तिसऱ्यांदा. भिंगरीने खिशातून दोन्ही हात काढले आणि इतके हलवले की कुंपण वाजायला लागलं. सेन्सर असता तर रेघ पडद्याबाहेर गेली असती.

आम्ही दोघी त्याच बसमध्ये चढलो. ठरलं होतं असं: मी छापखान्याला उतरायचं, तिथे आमचं मुख्य ऑफिस आहे, बदलीच्या कागदांवर सही करायची, उद्या सकाळी निघायचं. भिंगरी आईसोबत पुढे जाऊन, धक्क्याला वळसा घालून परत येणार.

"तिकीट, मॅडम," ताई आरशातून म्हणाली. "नातेवाइकांना सूट नाही."

मागच्या चाकावरच्या बाकावर बसलो. तिथे इंजिनाची थरथर जास्त लागते. भिंगरी थोडा वेळ खिडकीला नाक लावून होती. मग माझ्यावर रेलली. मग तिची मान माझ्या तळव्यात आली, आणि पुलाच्या बऱ्याच आधी, छापखान्याच्याही आधी, ती झोपली. ऊन काचेतून येत होतं. तिचा हात झोपेत एकदा मानेकडे गेला, माझ्या बोटांना अडखळला आणि तिथेच थांबला.

छापखाना आला. दार उघडलं. ताईने आरशात पाहिलं. मी उठायला हवं होतं. उठले असते तर मान हलली असती.

दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं. मग ताईने ते बंद केलं.

पूल गेला, भाजीबाजार गेला, धक्का आला. बस रिकामी झाली. ताई उठून मागे आली, बाकाच्या दांड्याला धरून उभी राहिली.

"शेवटचा थांबा, मॅडम."

"ऑफिसला उद्या फोन करते," मी म्हटलं. "बदली पुढे ढकलता येते का ते विचारते. मानेचं अजून बरं झालेलं नाही. मध्येच उपचार बदलले तर परिणाम कशाचा ते कळणार नाही."

"हो का," ताई म्हणाली. "म्हणजे हे शास्त्रीय आहे."

"अर्थात."

"आणि ती चुलतबहीण?"

"तिला कळवून टाक."

ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ. मग जाऊन गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर, बेकरीच्या अलीकडे, लक्षात आलं की भिंगरीच्या मानेखालचा माझा हात पुरता गरम झाला आहे. तिला न उठवता तो हळूच काढला, आणि दुसरा ठेवला.